तीनदा चाळलेलं पीठ

त्या गिरणीत चाळून पीठ मागायचं नाही, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. चाळण भिंतीवरच दिसायची. लाकडी कडं, त्यावर ताणून बसवलेलं मलमलीचं कापड, आणि त्या कापडावर तीन वर्षांची धूळ. नवीन गिऱ्हाईक तिच्याकडे बोट दाखवून म्हणायचं, "ताई, एकदा चाळून द्या की, कोंडा फार येतो." गिरणीवाली डब्यावरचा हात न काढता म्हणायची, "कोंडा येतो म्हणजे काय, पाहुणा आहे का तो? दाण्यातच राहतो. त्याचं घर आहे ते."

"पण मुलं खात नाहीत हो."

"मुलं काय खातात ते त्यांना विचारून ठरवता? मग शाळाही विचारूनच पाठवत असाल."

त्यावर गिऱ्हाईक हसायचं किंवा डबा उचलून चालू पडायचं. अलीकडे चालू पडणारीच जास्त. पुढच्या चौकात नवी चक्की आली होती, लोखंडी, चकचकीत. बटण दाबलं की पांढरंशुभ्र पीठ पिशवीत. गल्लीनं गिरणीवालीचं नाव 'कोंडाताई' ठेवून दिलं होतं. समोर कोणी म्हणत नसे. तिच्या जिभेला आणि तिच्या दंडाला, दोन्हींना लोक वचकून होते. बाई अडाणी आहे, डोक्यात एक खूळ घेऊन बसली आहे, असं पाठीमागे म्हणणारे पुष्कळ होते. म्हणोत. म्हणणाऱ्यांनी आधी गव्हाचं पोतं एका झटक्यात खांद्यावर घेऊन दाखवावं, मग बोलावं.

शेजारचा शिंपी तेवढा तोंडावर बोलायचा. त्याचं दुकान गिरणीच्या भिंतीला लागून. मोटर सुरू झाली की त्याच्या शिवणयंत्राची सुई आपोआप थरथरायची, असं तो सांगे. "वहिनी," तो दारातून म्हणायचा, "तुमचं पीठ खाल्ल्यापासून माझं पोट इतकं साफ, इतकं साफ, की आता आत काही उरलंय का ते बघायला पाहिजे."

"तुमचं डोकंही साफच आहे, भावजी. तिथंही बघून घ्या."

शिंप्याला हसताना दम लागे. गिऱ्हाइकांत तोच एक असा, की जो चाळणीकडे कधी पाहत नसे. कारण चाळणीचं ते मलमलीचं कापड त्यानंच शिवलेलं होतं. आणि ते कोणासाठी शिवलं होतं, हे त्याला माहीत होतं.

कोणे एके काळी ही गिरणी तिच्या वडिलांची होती, आणि ती वीस-बावीस वर्षांची, वेणीत कायम पिठाची भुकटी असलेली मुलगी. गिरणीचा दगड चालून चालून गुळगुळीत होतो. मग दाणा चिरडला जातो, दळला जात नाही. म्हणून दर काही आठवड्यांनी वरचा दगड साखळीनं उचलून, उलटा करून, छिन्नी-हातोडीनं त्यावर पुन्हा चऱ्या पाडाव्या लागतात. याला टाकी लावणं म्हणतात. गावोगावच्या गिरण्यांना टाकी लावत फिरणारा एक पोऱ्यागत दिसणारा माणूस तिच्या वडिलांकडे यायचा. डावखुरा. सगळ्यांच्या चऱ्या उजवीकडे कलायच्या, त्याच्या डावीकडे. "उलट्या हाताचा आहेस, पीठ उलटं पडेल," वडील थट्टा करायचे. पण पीठ असं पडायचं की हातात धरलं तर थंड. चांगल्या दगडाची खूण तीच. पीठ तापत नाही.

टाकी लावून झाली की तो पहिली मूठ अंगठा आणि तर्जनीत चोळायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "जमलं."

एवढंच. एका शब्दाचा माणूस. ती बडबडी. वडिलांच्या लक्षात आलं तोवर दगडाला दर आठवड्याला टाकी लागायला लागली होती. "अरे, दगड आहे की शिसपेन्सिल? किती तासशील?" असं ओरडून शेवटी त्यांनीच लग्न लावून दिलं.

टाकीवाला गिरणीत आला आणि राहिला. बाहेरच्या गिरण्यांची कामंही करायचाच. सकाळी सायकलवरून निघाला की संध्याकाळी. त्याच्या डब्यासाठी ती पीठ वेगळं काढायची. नुसतं वेगळं नव्हे. एकदा चाळायची, पुन्हा चाळायची, आणि मग शिंप्याकडून शिवून घेतलेल्या मलमलीतून तिसऱ्यांदा. खाली पडायचं ते पीठ नव्हतंच. धुकं होतं. त्याचा पाव कापसासारखा फुगायचा. चाळणीत वर उरलेला कोंडा आणि जाड भरड मात्र टाकवत नसे. स्वतःसाठी ती तेच मळायची, तेच खायची. कोंड्याचा मांडा करणं तिला आईकडून आलेलं होतं. नवऱ्याला मऊ, स्वतःला खरबरीत. यात तिला त्याग वगैरे काही वाटत नव्हतं. प्रेम करायची तिची तीच एक रीत होती, आणि ती रीत तिनं तीस वर्षं एक दिवस न चुकता पाळली.

मग टाकीवाला छप्पन्न वर्षांचा असताना आतड्याच्या कॅन्सरनं गेला.

वर्षभर त्याच्या शौचातून रक्त जात होतं. 'मूळव्याध असेल' म्हणून त्यानं ते पोटात ठेवलं. एका शब्दाचा माणूस, त्या एका विषयावर एक शब्दही बोलला नाही. कळलं तेव्हा आजार आतड्यातून यकृतापर्यंत जाऊन बसला होता. पुढचे सात महिने म्हणजे दवाखान्याचे जिने. त्या जिन्यांवर कुठेतरी तिच्या हातात एक छापील कागद पडला. आहाराचा. त्यावर बरंच काही होतं. दारू नको, विडी नको, खारवलेलं आणि डब्यातलं मांस कमी, चाला, वजन आटोक्यात ठेवा. आणि एक ओळ होती : चाळलेलं पांढरं पीठ कमी करा, कोंड्यासकट धान्य, डाळी, भाज्या जास्त खा, तंतुमय आहारानं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका कमी होतो.

टाकीवाला विडी ओढायचा. संध्याकाळी दोन पेले लागायचेच. बाहेरगावी गेला की खारं मांस हा त्याचा जीव की प्राण. त्याचा बापही पोटाच्याच आजारानं गेलेला. हे सगळं तिला ठाऊक होतं. पण तिच्या डोळ्यांना तो सगळा कागद कोरा दिसला. एकच ओळ दिसली. चाळलेलं पांढरं पीठ.

तिनं घरी येऊन चाळण खुंटीला टांगली. त्या दिवसापासून कोणालाही चाळून दिलं नाही. आणि का, ते कोणालाही सांगितलं नाही. लोकांना वाटलं, बाईला आरोग्याचा साक्षात्कार झाला. साक्षात्कार कसला? आपण आपल्या हातानं, तीनदा चाळून, मलमलीतून गाळून, नवऱ्याला मारलं, एवढंच तिला कळलं होतं. गल्लीतल्या दुसऱ्या कोणाला आता ती मारणार नव्हती.

एक गोष्ट मात्र तिच्या लक्षात येत नव्हती. का येत नव्हती? येऊ देत नव्हती म्हणा.

गिऱ्हाईक तुटत होतं ते कोंड्यामुळे नव्हतं. दगडामुळे होतं. टाकीवाल्यानं शेवटची टाकी लावली तिला साडेतीन वर्षं झाली होती. गिरणीच्या भिंतीवर तो दर टाकीची तारीख खडूनं लिहायचा. एकाखाली एक, रांगच्या रांग. शेवटच्या तारखेखालची भिंत मोकळी होती. तिनं नंतर कोणाला बोलावलंच नाही. एक-दोघे टाकीवाले दारात येऊन गेले, त्यांना तिनं "दगड चांगला आहे" म्हणून वाटेला लावलं. चांगला कुठला? चऱ्या घासून घासून पुसट झाल्या होत्या. दाणा चिरडत होता, पीठ गरम पडत होतं, त्याला करपट वास यायचा. अशा पिठात कोंडा कडू लागतो. त्या कडू पिठाचा पाव खाऊन लोकांनी कोंड्याशीच वैर धरलं तर त्यात त्यांची चूक काय?

पण त्या दगडाच्या पोटात डावीकडे कललेल्या चऱ्या होत्या. माणूस गेला, त्याचे कपडे शिंप्यानं नेले, सायकल विकली. हातानं लिहिलेलं तसं त्याचं काही नव्हतं. तारखांपलीकडे त्यानं कधी काही लिहिलंच नाही. दगडावरच्या त्या रेघा हेच त्याचं अक्षर. नवी टाकी लावायची म्हणजे ते अक्षर खरवडून काढायचं. आणि नाही लावली, तरी रोजच्या प्रत्येक डब्यागणिक ते थोडं थोडं झिजतच होतं. गिरणी बंद ठेवली तर खायचं काय? तेव्हा ती रोज सकाळी मोटरचं बटण दाबायची आणि रोज सकाळी नवऱ्याला थोडं पुसायची.

लेक महिन्यातून एकदा यायची. दोन तासांवरच्या शहरात चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात कामाला होती. "आमच्याकडे काचेचं दळण," ती म्हणायची. वय एकतीस, बोलणं आईवर गेलेलं, म्हणून दोघींचं पटत नसे. पूर्वी दोन दिवस राहायची. आता सकाळी येऊन दुपारच्या गाडीनं परत. "या घरात जेवण मिळत नाही गं आई, प्रवचन मिळतं," असं मागे एकदा म्हणाली होती, आणि ते खरं होतं.

त्या दिवशी ती आईसाठी नवा चष्मा घेऊन आली. काचा तिनं स्वतः घासलेल्या. आईनं तो डोळ्यांवर चढवला, आणि पहिल्यांदा कशाकडे पाहिलं असेल? पिठाकडे.

"काय गं हे? एवढं काळपट?"

"रोज तसंच असतं. आज तुला दिसलं." लेकीनं चिमूटभर पीठ जिभेवर ठेवलं आणि थुंकलं. "आई, दगड मेलाय. बाबा असते तर एका दिवसात उचलून टाकी लावली असती."

"बाबा असते तर!" आई फिस्कारली. "तू मला दगड शिकवू नकोस. काचा घास जा."

"घासतेच. आणि बोथट चाकावर घासली तर काच तडकते, एवढं मला कळतं. तुझ्या कोंड्याला लोक नाकं मुरडतात ना, ते याच्यामुळे. चांगलं दळलं तर मीसुद्धा कोंड्याचंच खाईन. तिथंही खातेच की."

"खातेस?"

"खाते. सांगत नाही एवढंच. सांगितलं असतं तर तू आणखी तासभर बोलली असतीस."

बोलण्यात हरली की आई हुकमाचा पत्ता काढायची. "तुझ्या बापानं खाल्लं असतं तर आज..."

"पुन्हा तेच दळण नको!" लेकीनं डबा आपटला. "बाबा पिठानं नाही गेले. बाबा वर्षभर रक्त लपवून गेले. लाज वाटली त्यांना. लाजेनं गेले ते!"

"एवढ्यातेवढ्या रक्तानं कोणी जात नाही. मला चार महिने झाले जातंय, मी बोंबलते का?"

मोटरचा आवाज चालूच होता. तिनं जीभ चावली, पण बाण सुटला होता. लेकीनं हात लांब करून बटण बंद केलं. पट्टा दोन-चार फेरे फिरला आणि थांबला. भिंतीपलीकडे शिंप्याचं यंत्रही थांबलं. कान टवकारून बसला असणार मेला.

"चार महिने?" लेक अगदी हळू म्हणाली. ती हळू बोलायला लागली की तिच्या बापासारखी दिसायची.

"मूळव्याध असेल. मला ते कसं होईल? जन्मभर कोंडा खाल्लाय मी."

"बाबाही मूळव्याधच म्हणत होते."

त्या दिवशी लेक दुपारच्या गाडीनं गेली नाही.

दवाखान्यातली डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाची होती. केस आखूड, बोलणं सरळ. तिनं तपासलं, रक्त घेतलं, आणि दुर्बिणीनं आतडं आतून बघावं लागेल म्हणाली. "कोंडा चांगलाच आहे, ताई. खात राहा. पण तो चिलखत नाही. कोंडा खाणाऱ्यालाही रक्त गेलं तर तपासावंच लागतं."

परतताना गाडीत आई खिडकीबाहेर पाहत बसली. लेकीला वाटलं, घाबरली. घाबरली होतीच, पण लेकीला वाटत होतं तशी नाही. तिच्या डोक्यात कोर्ट भरलं होतं. दुर्बिणीत काही निघालं नाही, तर कोंड्यानं आपल्याला राखलं. मग चाळलेल्या पिठानंच त्याला नेलं. म्हणजे आपणच. आणि निघालं, तर कोंडा खाऊनही होतं. मग पिठाचा दोष नाही, आपण सुटलो. सुटलो, आणि मेलो. सुटकेच्या आशेनं आपल्याला हा आजार असावा असं वाटतंय की काय, हे मनात येताच तिनं लेकीचा हात धरला. लेकीनं तो सोडवला नाही.

घरी आल्यावर लेकीनं तयारीचा कागद वाचायला घेतला, आणि वाचता वाचता थांबली.

"काय गं?"

"काही नाही."

"वाच. मी काय पहिलीतली आहे?"

"तपासणीच्या आधी तीन दिवस," लेकीनं वाचलं, "कोंडा, साली, बिया, डाळी, पालेभाज्या पूर्ण बंद. फक्त चाळलेल्या पांढऱ्या पिठाचे पदार्थ खावेत."

भिंतीपलीकडून एक खोकला आला. खोकला कसला, शिंपी हसू दाबत होता.

"भावजी!" ती ओरडली. "शिवायला कापड कमी पडलं म्हणून भिंतीला कान लावलाय का?"

"वहिनी, चुकलं," पलीकडून आवाज. "पण चाळणीचं कापड जुनं झालंय. नवीन लावून देतो. आत्ता देतो."

"कागद चुकीचा आहे," ती लेकीला म्हणाली.

"चुकीचा नाही. कोंडा आतड्यात रेंगाळला तर दुर्बिणीला काही दिसत नाही. तीन दिवसच. नंतर खा पोतंभर."

"पाव विकत आण."

"चौकातल्या चक्कीच्या पिठाचा?" लेकीनं डोळे बारीक केले. कुठे टोचायचं ते लेकीला नेमकं ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणीवालीनं खुंटीवरून चाळण काढली. शिंप्यानं नवं मलमल बसवून दिलं होतं, जुन्याच मापानं. त्याच्या वहीत ते माप अजून होतं. तिनं पायलीभर गहू दळले आणि चाळायला बसली. एकदा. मनगटाला तो हेलकावा आठवायला वेळ लागला नाही. पुन्हा. कडं तळहातावर आपटून, डाव्या हाताकडून उजव्या हाताकडे. मग मलमल. पीठ खाली उतरायला लागलं तसं ती लेकीकडे पाहीनाशी झाली. तीस वर्षं रोज हे करताना ती गुणगुणायची. आज ओठ मिटलेले होते. दगड बोथट, त्यामुळे पीठ पूर्वीसारखं पांढरं नव्हतं. तरी धुकं ते धुकंच.

पाव भाजला. फुगला. ताटात घेतला, तुकडा मोडला, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की हा पाव तिनं आयुष्यात खाल्लाच नव्हता. हजारो वेळा केला होता, चव कधी घेतली नव्हती. तो घास तोंडात विरघळला. दातांना काम नाही, जिभेला काम नाही. गोडसर, हलका, काहीच मागत नाही असा. नवरा संध्याकाळी सायकल टेकवून आत आला की डबा उघडा दाखवायचा, रिकामा, आणि म्हणायचा, "जमलं." तेव्हा त्याच्या तोंडात ही चव असायची. ही.

"कसा आहे?" लेकीनं विचारलं.

"चांगला आहे गं," ती म्हणाली. "फार चांगला आहे. हेच तर." आणि पदरानं नाक पुसत दुसरा तुकडा मोडला. तीन दिवस ती ते पीठ खात राहिली. त्याच्या ताटात जेवल्यासारखी.

दुर्बिणीची तपासणी सकाळी झाली. गुंगी उतरल्यावर डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसली. लेक भिंतीला टेकून उभी.

"दोन गाठी होत्या. लहान, देठ असलेल्या. दुर्बिणीतूनच काढल्या, रक्त त्यातल्याच एकीतून येत होतं. कॅन्सर दिसत नाही, प्रयोगशाळेतून खात्री करून घेऊ. पण तशाच राहिल्या असत्या, तर पाच-दहा वर्षांत त्यांतली मोठी कॅन्सर झाली असती कदाचित. वेळेवर आलात."

लेकीनं भिंतीवरच मान टाकली आणि लांब श्वास सोडला. आई मात्र तशीच बसून.

"म्हणजे निकाल काय?"

"हाच निकाल."

"नाही. मला एक सांगा. मी जन्मभर कोंडा खाल्ला, आणि त्यांना तीनदा चाळलेलं घातलं. ते गेले आणि मी राहिले. मग पिठानं गेले की नाही? हो म्हणा, नाही तर नाही म्हणा. मी ऐकून घेईन."

लेक आईकडे बघतच राहिली. तीन वर्षांची चाळण, तीन वर्षांचं प्रवचन, सगळं तिला त्या एका प्रश्नात कळलं.

डॉक्टरीणबाईनं आधी नवऱ्याचं वय विचारलं, त्याच्या वडिलांचं विचारलं, विडी, दारू, मांस, सगळं. मग म्हणाली, "ताई, हजार माणसं कोंड्यासकट धान्य खाणारी घेतली आणि हजार न खाणारी, तर पहिल्या हजारांत हा आजार कमी जणांना होतो. इतकं माहीत आहे. पण त्या हजारातला एकटा माणूस कशामुळे गेला, हे कोणी सांगू शकत नाही. त्यांच्या बाबतीत वडिलांकडून आलेलं होतं, दारू होती, विडी होती, वर्षभर लपवणं होतं. पीठ असलंच तर त्यातला एक लहान वाटा."

"लहान म्हणजे किती?"

"ते मोजायची चाळण नाही कोणाकडे."

"म्हणजे हो नाही, आणि नाहीही नाही."

"म्हणजे माहीत नाही. आणि कधी कळणारही नाही. तुम्हाला कोणी फाशी देणार नाही, आणि कोणी निर्दोष सोडणारही नाही. हे कोर्टच नाही, ताई." मग ती लेकीकडे वळली. "तुमचं वय? एकतीस? मग चाळिशीला पोचलात की तुमचीही दुर्बीण. बाबांमुळे. मध्ये कधी रक्त दिसलं तर त्याच दिवशी. लाजायचं नाही."

"आमच्याकडे लाजणारे एकच होते," लेक म्हणाली.

प्रयोगशाळेचा कागद आठवड्यानं आला. चांगला आला. शिंप्यानं गल्लीत पेढे वाटल्यासारखी बातमी वाटली. पण गिरणीवाली गप्प झाली होती. लेकीला वाटलं होतं, ओझं उतरल्यावर आई हलकी होईल. ती तर जास्तच वाकल्यासारखी झाली. कारण अपराधी होती तोवर तो रोज भेटायचा. प्रत्येक डब्याशी, चाळण मागणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाशी तिचं त्याच्याशीच भांडण चालायचं. माफी मागायला का होईना, पण तो समोर असायचा. आता कोर्ट उठलं, आणि बाकावर ती एकटीच उरली. तो नुसता गेलेला होता. तीन वर्षांत पहिल्यांदा, नुसता गेलेला.

रविवारी सकाळी तिनं लेकीला हाक मारली. "साखळी धर."

दोघींनी मिळून वरचा दगड उचलला, उलटा करून ठेवला. नवा चष्मा लावून ती खाली बसली. बघायला तिथं जवळजवळ काही उरलंच नव्हतं. मधल्या भोकाजवळ, जिथं दगड कमी घासतो, तिथं मात्र बोटभर चऱ्या अजून होत्या. डावीकडे कललेल्या. तिनं त्यांवरून बोट फिरवलं, एकदा इकडून, एकदा तिकडून.

"तेवढा भाग राहू दे ना, आई," लेक म्हणाली.

"तेवढा राहिला तर दाणा तिथंच अडकतो. त्यांनी ऐकलं असतं तर मला गिरणीतून हाकललं असतं." तिनं त्याची छिन्नी उचलली. तीस वर्षं बघितलेलं होतं, हातानं पहिल्यांदाच. पहिला घाव घसरला. दुसरा बसला. ती उजव्या हाताची, चऱ्या उजवीकडे कलू लागल्या. भोकाजवळ आली तेव्हा जरा थांबली. मग तिथंही घाव घातला. दुपारपर्यंत खण्‌ खण्‌ चाललं होतं. शिंप्यानं सकाळपासून यंत्र बंद ठेवलं होतं. चहा दोनदा आणून दिला, आणि एकही विनोद केला नाही.

टाकी लावल्यावरचं पहिलं दळण खायचं नसतं, त्यात दगडाचा चुरा असतो. लेकीनं ओंजळभर गहू टाकले. मोटर सुरू झाली. आवाज बदलला होता, नव्या दाताचा. करड्या रंगाचं पीठ खाली पडलं. त्यात त्या बोटभर चऱ्याही असणार, दळून निघालेल्या. गिरणीवालीनं मूठ भरली. थंड होतं. अंगठा आणि तर्जनीत चोळलं, डोळे मिटले.

मग लेकीनं बटण बंद केलं. पट्टा थांबला. गिरणीत, शिंप्याच्या दुकानात, गल्लीत, कुठेच काही वाजत नव्हतं. ती मूठ धरून उभी होती. कोणीतरी एक शब्द बोलायचा राहिला होता, आणि तो बोलणारा माणूस दारातून सायकल टेकवून आत येणार नव्हता. तिनं बराच वेळ वाट पाहिली. रडू तेव्हा आलं, बिनदोषाचं, बिनहिशोबाचं, नुसतं तो हवा होता म्हणून. लेक जवळ आली नाही. दगडापाशी उभी राहून तीही आपल्या वाटणीचं रडली.

मग गिरणीवालीनं मूठ उघडून ते करडं पीठ केराच्या पाटीत झाडलं. हात पुसले. खडू घेतला. भिंतीवरच्या रांगेत, शेवटच्या तारखेखाली आजची तारीख लिहिली. त्याच्या अक्षराखाली तिचं गिचमिड. त्या तारखेशेजारी, चार बोटं सोडून, नऊ वर्षांनंतरचं एक साल लिहिलं.

"हे काय?" लेकीनं विचारलं.

"तुझी दुर्बीण. चाळिशीची. विसरलीस तर बघ." तिनं चष्मा पदरानं पुसला, पुन्हा लावला. दारात चौकातल्या चक्कीकडे गेलेली, जुन्या गिऱ्हाइकांतली एक बाई डबा घेऊन घुटमळत उभी होती. खण्‌ खण्‌ ऐकून आली असणार.

"ताई, चाळून... नको नको, असू दे. तसंच द्या."

"थांबा, कोंड्यासकट दळते, एकदा खाऊन बघा. नाही रुचलं तर उद्या चाळूनही देईन," गिरणीवाली म्हणाली, आणि चाळण होती तिथंच, हाताशी, नवं मलमल लावलेली. मग लेकीकडे वळली. "घाल पुढचं."